पाच ओळींचे गणित

२०१३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. पेरणीच्या दिवसांत मी विदर्भात मामांकडे गेलो होतो. ओसरीवर कापसाच्या बियाण्याची पाकिटे ठेवली होती आणि प्रत्येक मोठ्या पाकिटासोबत एक लहान पुडी होती. मामांनी मोठ्या पाकिटांतली सरकी पेरणीसाठी काढली आणि लहान पुड्या कोपऱ्यात टाकून दिल्या.

"मामा, ह्या पुड्या राहिल्या की," मी म्हणालो.

"राहू दे. ती साधी सरकी आहे. शेताच्या कडेनं तिच्या पाच ओळी लावा म्हणतात. पण तिले अळी लागते. तू मास्तर आहेस ना, मग सांग बरं, जी झाडं अळीनं खायची, ती मी कायले लावू?"

मला उत्तर देता आले नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो. अळ्यांशी माझा कधी संबंध आला नव्हता. पण प्रश्न मनात राहिला. पुढे याविषयी वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की मामांच्या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे, आणि ते गणित दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजण्यासारखे आहे. तेच आज आपण करून पाहू.

बोंडातला पाहुणा

कापसावर अनेक किडी येतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या पानांतला रस शोषतात. बोंडे पोखरणाऱ्या मुख्य अळ्या तीन : हिरवी, ठिपक्यांची आणि गुलाबी. गुलाबी अळीला आपल्याकडे शेंदरी बोंडअळी असेही म्हणतात. आपली कथा हिचीच आहे.

ही अळी मूळची परकी नाही. भडोच भागात कापसाचे नुकसान करणाऱ्या या किडीचे शास्त्रीय वर्णन १८४३ साली प्रसिद्ध झाले. तिचा पतंग लहानसा, करड्या-तपकिरी रंगाचा आणि निशाचर. मादी शंभर-दोनशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून केसासारखी बारीक अळी निघते आणि लगेच पाती, फूल किंवा कोवळे बोंड पोखरून आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून रेशमी धाग्यांनी बांधून टाकते. फूल उमलत नाही, मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर आतली सरकी खात बसते. अळीने केलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. फोडून पाहावे तर आत रुई डागाळलेली आणि सरकी पोखरलेली.

ही अळी इतकी त्रासदायक का, हे आता तुमच्या ध्यानात येईल. फवारणी पानांवर पडते आणि अळी बंद बोंडात सुरक्षित असते. ती बाहेर दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. एका हंगामात तिच्या चार ते सहा पिढ्या होतात आणि ऑक्टोबरनंतर तिचा जोर वाढतो. हंगाम संपला की काही अळ्या सरकीतच सुप्तावस्थेत पडून राहतात व पुढच्या पावसाळ्याची वाट पाहतात.

जंतूकडून घेतलेले शस्त्र

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जंतू आढळतो. जपानमध्ये रेशमाचे किडे एका रोगाने मरत होते. त्याचा शोध घेताना १९०१ साली इशिवाता या शास्त्रज्ञाला हा जंतू सापडला. पुढे १९११ मध्ये बर्लिनर या जर्मन शास्त्रज्ञाला तो पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला. थुरिंजिया या जर्मनीतील प्रांतावरून त्याचे नाव पडले. नावाची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन आपण त्याला 'बीटी' म्हणतो.

हा जंतू एका प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात हे स्फटिक विरघळतात. मग ते प्रथिन आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट रेणूंना जाऊन चिकटते. कुलपात किल्ली बसावी तसे हे बसणे असते. किल्ली बसली की पेशीला भोके पडतात, अळी खाणे सोडते आणि मरते. माणसाच्या जठरातला रस आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात ते कुलूपच नसते. म्हणून हे प्रथिन आपल्याला तसा अपाय करत नाही.

शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनवणारे जनुक जंतूतून काढून कापसाच्या झाडात घातले. आता झाडाच्या अंगातच अळीचे विष तयार होऊ लागले. भारतात अशा बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन वेगवेगळी प्रथिने असलेला कापूस आला. अळीसाठी एकाऐवजी दोन कुलपांच्या किल्ल्या! पहिली काही वर्षे बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. ही मोठी गोष्ट होती.

पण याच पाकिटासोबत ती पुडी येत असे. नियम असा होता की बीटी कापसाच्या भोवती साध्या कापसाच्या निदान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावायचे. याला आश्रयपीक म्हणतात. आश्रय कुणाला? तर अळीला! शत्रूला मुद्दाम आश्रय द्यायचा, हा कुठला शहाणपणा?

कुलूप बदललेली अळी

तुम्ही मेंडेल शिकलेला आहात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. अळीच्या 'कुलपाच्या' जनुकातही क्वचित चूक होते. कुलूप वेडेवाकडे बनते आणि किल्ली बसत नाही. अशा अळीला बीटीचे विष बाधत नाही.

मात्र एक प्रत चुकीची आणि दुसरी चांगली असेल, तर चांगल्या प्रतीमुळे थोडी का होईना, कुलपे तयार होतात आणि अळी मरते. दोन्ही प्रती चुकीच्या असतील तरच ती वाचते. म्हणजे हा गुण अप्रभावी आहे, असे तूर्त धरून चालू.

समजा, हजार प्रतींमागे एक प्रत चुकीची आहे. मग दोन्ही प्रती चुकीच्या असण्याची संभाव्यता किती? हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक.

आता दहा लाख अळ्या घ्या. सगळे शेत बीटीचे असेल तर त्यांतली फक्त एक वाचेल. शेतकरी म्हणेल, "वा! शेत साफ झाले." खरेच साफ झाले. पण अशी शेते हजारो आहेत आणि प्रत्येकात एखाददुसरी अळी वाचली आहे. त्या सगळ्या पतंग होऊन बाहेर पडतील, तेव्हा त्यांना जोडीदार कोण मिळणार? त्यांच्यासारखाच, विष पचवलेला. कारण दुसरे कुणी शिल्लकच नाही! त्यांची सगळी प्रजा दोन्ही चुकीच्या प्रतींची आणि मादीमागे अंडी शंभर-दोनशे. काही पिढ्यांत शेत पुन्हा अळ्यांनी भरेल. फक्त आता त्यांच्यावर बीटीचा परिणाम होणार नाही.

आता २० टक्के साधा कापूस लावा. आठ लाख अळ्या बीटीवर. त्यांतली जेमतेम एक वाचेल. दोन लाख साध्या कापसावर. त्या सगळ्या वाचतील असे धरू. विष पचवलेला तो एकटा पतंग बाहेर पडतो, तेव्हा भोवती दोन लाख साधे पतंग फिरत असतात. त्याची जोडी जवळजवळ नक्की साध्याशीच जमणार. त्यांच्या पिल्लांना एक प्रत चुकीची, एक चांगली. म्हणजे बीटी कापूस खाल्ला की ती मरणार!

पाच ओळींचे काम हेच आहे. त्या ओळी अळीसाठी नसून दुबळ्या जनुकासाठी आहेत. त्या जणू विषाला बळी पडणाऱ्या पतंगांची पेढी चालवतात.

बीजगणित आवडणाऱ्यांनी सूत्र मांडून पाहावे. चुकीच्या प्रतीचे प्रमाण हजारात एक आणि आश्रयपीक २० टक्के असेल, तर हे प्रमाण दुप्पट व्हायला सुमारे १२५ पिढ्या लागतात. वर्षाला पाच पिढ्या धरल्या तर २५ वर्षे! अर्थात हे कागदावरचे गणित आहे. शेतात सगळे इतके नेटके नसते. पण आश्रयपिकाने वेळ विकत मिळतो, हे त्यातून दिसते.

मण्यांचा प्रयोग

हे वर्गात करून पाहा. एकाच आकाराचे ८० पांढरे व २० लाल मणी पिशवीत घाला. लाल म्हणजे चुकीची प्रत. न पाहता दोन-दोन मणी काढा. प्रत्येक जोडी ही एक अळी. एकूण ५० अळ्या होतील.

पहिला खेळ : आश्रयपीक नाही. दोन्ही लाल असलेल्या जोड्याच जगतील, बाकी सगळ्या मेल्या. साधारण दोन जोड्या उरतील. जगलेल्या मण्यांत लाल किती? सगळेच!

दुसरा खेळ : मणी पुन्हा पिशवीत घालून ढवळा. पहिल्या दहा जोड्या आश्रयपिकावरच्या समजा. त्या कशाही असोत, जगतील. उरलेल्या चाळीसांतून फक्त लाल-लाल जोड्या ठेवा. एक किंवा दोन मिळतील. आता जगलेले मणी मोजा. सुमारे २४ मण्यांत ८ लाल निघतील. म्हणजे लालचे प्रमाण एक-पंचमांशावरून एक-तृतीयांशावर गेले. वाढले खरे, पण पहिल्या खेळासारखे एका उडीत पूर्ण झाले नाही.

प्रत्येक गटाचे आकडे थोडे वेगळे येतील. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहून सरासरी काढा. संभाव्यता म्हणजे काय, हे पाठ करण्यापेक्षा असे लवकर कळते.

आपल्याकडे काय झाले

आमच्या मामांप्रमाणेच असंख्य शेतकऱ्यांनी त्या पुड्या टाकून दिल्या. गुजरातमधील अमरेली भागातून गोळा केलेल्या गुलाबी अळ्यांत पहिल्या प्रथिनाचा प्रतिकार आढळला. हे २०१० च्या सुमारास जाहीर झाले. पुढच्या पाचएक वर्षांत दुसऱ्या प्रथिनाचे कुलूपही बदललेल्या अळ्या सापडू लागल्या.

हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असे पुष्कळ काही खाते. त्या शेतांत तिचा आश्रय आपोआप तयार होतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. बीटी कापूस सगळीकडे लागल्यावर तिला विषाविना दुसरे अन्नच उरले नाही. म्हणून प्रतिकार आधी तिच्यात आला.

दुसरे कारण मेंडेलच्या नियमातच दडले आहे. भारतात बहुतेक बीटी कापूस संकरित आहे. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. अशा झाडाच्या बोंडातली सरकी म्हणजे त्याची पुढची पिढी. तिच्यात ३ : १ हे प्रमाण येणारच, चारांतल्या एका बीत ते जनुक नसते. दोन जनुके असली तर सोळांत एक बी दोन्हीवाचून राहते. अळी एका बीतून दुसऱ्या बीत जाते. कुठे विष, कुठे थोडे, कुठे नाही. अर्धवट मात्रेत एक प्रत चुकीची असलेली अळीही तगू शकते आणि मग 'अप्रभावी' हे आपले गृहीतक ढिले पडते.

तिसरे कारण फरदड. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवायची आणि आणखी दोन-चार क्विंटल कापूस काढायचा. त्यामुळे अळीला उपासाचे दिवसच आले नाहीत.

२०१७ च्या हंगामात याचा भडका उडाला. महाराष्ट्रात कापसाचे अतोनात नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी एकट्या गुलाबी अळीसाठी नव्हती, रसशोषक किडीही होत्या. पण ज्या बियाण्याने फवारणी कमी व्हायची, त्याच पिकावर माणसे पुन्हा पाठीवर पंप घेऊन उभी होती. त्या हिवाळ्यात मामांनी दोन एकर उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला.

दुसरीकडे काय झाले

हीच गुलाबी अळी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही होती आणि तिथेही बीटी कापूस १९९६ मध्ये आला. प्रयोगशाळेत तिथल्या शास्त्रज्ञांनी काही पिढ्यांतच विष पचवणाऱ्या अळ्या तयार करून दाखवल्या. म्हणजे चुकीची जनुके तिथेही होती. पण शेतात प्रतिकार वाढला नाही, कारण बहुसंख्य शेतकऱ्यांनी पहिली दहा वर्षे आश्रयपीक नेमाने लावले.

२००६ पासून त्यांनी आणखी एक युक्ती योजली. फिनिक्स येथील केंद्रात गुलाबी अळ्या वाढवून पतंगांवर किरणोत्सर्गाचा मारा करत. पतंग जगे, उडे, जोडी जमवी. पण त्याची प्रजा वाढत नसे. असे वंध्य पतंग विमानातून शेतांवर सोडत. अळ्यांच्या खाद्यात लाल रंग घातलेला असे. त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग केंद्रातला की शेतातला, हे तो चिरडून पाहिला की कळे! २०१४ पर्यंत ११०० कोटींहून अधिक पतंग सोडले गेले.

गणित तेच. शेतातल्या एका पतंगामागे नऊ वंध्य पतंग असतील, तर त्याला खरा जोडीदार मिळण्याची संभाव्यता दहात एक. बीटी कापूस, वंध्य पतंग, हंगामानंतर शेत साफ करणे, या साऱ्यांचा मिळून परिणाम झाला आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील कापूस गुलाबी अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

तेथील शेते प्रचंड, शेतकरी मोजके. आपल्याकडे एकट्या महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस होतो आणि तो लाखो लहान शेतांत विभागलेला आहे. ती युक्ती जशीच्या तशी इकडे आणणे सोपे नाही.

आता काय करायचे

प्रतिकार एकदा पसरल्यावर गुलाबी अळीपुरती त्या पाच ओळींची वेळ टळून गेली. हिरव्या व ठिपक्यांच्या अळीसाठी आणि उद्या येणाऱ्या नव्या वाणांसाठी मात्र ते गणित तसेच लागू आहे. आता साधी सरकी पाकिटातच मिसळून देतात, म्हणजे पुडी टाकून देण्याचा प्रश्न उरत नाही.

गुलाबी अळीसाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे वेगळे उपाय सांगतात. त्यांतला एक म्हणजे कामगंध सापळा. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी एक गंध सोडते. त्या गंधाचे रसायन १९७३ मध्ये ओळखले गेले. एकाच रेणूची दोन रूपे त्यात निम्मी-निम्मी असतात. हा गंध लावलेला सापळा शेतात टांगला की नर त्यात येऊन पडतात. एका सापळ्यात रोज आठ नर, असे सलग तीन दिवस आले, तर उपाय करायची वेळ आली समजावे. म्हणजे तारीख पाहून फवारायचे नाही, मोजून फवारायचे. तोच गंध दोऱ्यांत भरून शेतभर बांधला, तर नर गोंधळतात आणि त्यांना मादी सापडत नाही. अंड्यांवर ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी सोडतात. तिची पिल्ले बोंडअळीच्या अंड्यांतच वाढतात. डोमकळ्या वेचून नष्ट करतात. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिसेंबरअखेर कापूस संपवून, शेतात मेंढ्या-बकऱ्या सोडून, पऱ्हाट्या काढून टाकणे. पाच-सहा महिने कापूसच नसला, तर अळी जगणार कशावर?

गेल्या दिवाळीत मामांना मण्यांचा खेळ दाखवला. त्यांनी दोन्ही खेळ नीट पाहिले, लाल मणी स्वतः मोजले. मग म्हणाले, "म्हणजे मी एकट्यानं पाच ओळी लावून भागत नाही. माझ्या शेतातले साधे पतंग शेजाऱ्याच्या कामी येतात आन् त्याच्या शेतातली वाचलेली अळी माझ्याकडे येते."

मी म्हणालो, "बरोबर."

"मग नुसतं मलेच काय शिकवतोस? हे मणी घेऊन ग्रामपंचायतीत चाल."

मामांचे म्हणणे खरे आहे. पाच ओळींचा तोटा एकट्याचा असतो आणि फायदा साऱ्या गावाचा. एकाने फरदड ठेवली तर दहा शेजाऱ्यांच्या शेतात अळी जाते. तुमचे गाव कापसाचे असेल, तर यंदाच्या ऑक्टोबरमध्ये शाळेजवळच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन एक कामगंध सापळा लावा. रोज सकाळी त्यातले पतंग मोजा आणि आकडा शाळेच्या दारावरच्या फळ्यावर लिहा. फवारणी झालेल्या शेतात मात्र जाऊ नका. येणारे-जाणारे तो आकडा वाचतील. गावाने मिळून करायच्या गोष्टीची सुरुवात अशा एखाद्या आकड्यापासून होऊ शकते.